एक डिस्क, अनेक बारशी

विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडून पाहा. अलीकडच्या बहुतेक लॅपटॉपवर डाव्या टोकाला शे-दोनशे एमबीचा एक छोटा चौकोन दिसतो. त्यावर ‘ईएफआय सिस्टिम पार्टिशन’ असं लिहिलेलं असतं. त्याच रांगेत सी ड्राइव्हचा लांबलचक चौकोन असतो आणि त्यावर ‘बूट, पेज फाइल, क्रॅश डम्प’ अशी शब्दांची माळ असते. आता बटण दाबल्यावर मशीन आधी कुठे जातं? छोट्या चौकोनात. आणि विंडोज ही अख्खी सिस्टिम कुठे राहते? सी ड्राइव्हवर. थोडक्यात, जिथून बूट सुरू होतं त्याला मायक्रोसॉफ्ट ‘सिस्टिम’ म्हणतं आणि जिथे सिस्टिम आहे त्याला ‘बूट’. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. नव्या माणसाला वाटतं, छापणाऱ्याने गफलत केली. तसं काही नाही. विंडोज एनटीच्या काळापासून मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत या दोन शब्दांच्या व्याख्या अशाच आहेत, आणि त्यामागे कारण आहे.

कारणासाठी १९९३ सालात जावं लागतं. त्या वर्षी एनटीची पहिली आवृत्ती आली. ती फक्त इंटेलच्या प्रोसेसरपुरती नव्हती, मिप्स आणि अल्फा प्रोसेसरच्या मशीनवरही चालत असे. त्या मशीनांचं फर्मवेअर एआरसी नावाच्या संकेतांप्रमाणे बांधलेलं असे. त्याला फॅट ही जुनी फाइल सिस्टिम वाचता येई, एनटीएफएस नाही. म्हणून डिस्कवर फॅटचं एक छोटं पार्टिशन राखून ठेवायचं आणि त्यात ओएस-लोडर आणि हॅल या फाइली ठेवायच्या, अशी सोय केलेली होती. फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये दोन वेगळ्या नोंदी असत: ‘सिस्टिम पार्टिशन’ आणि ‘ओएस लोड पार्टिशन’. यातलं ‘सिस्टिम’ म्हणजे समोरचं यंत्र, विंडोज नव्हे. यंत्राच्या मालकीचा कोपरा तो सिस्टिम पार्टिशन, आणि जिथून ऑपरेटिंग सिस्टिम उचलायची ते दुसरं. फर्मवेअरच्या जागेवर बसून पाहिलं तर नावं चोख आहेत.

पुढे मिप्स गेलं, अल्फा गेलं, नावं मात्र राहिली. घरोघरच्या पीसीवर बराच काळ याचा कुणाला त्रास झाला नाही, कारण दोन्ही भूमिका एकटा सी ड्राइव्हच वठवत होता. २००९ साली विंडोज ७ने इन्स्टॉल करतानाच १०० एमबीचं ‘सिस्टिम रिझर्व्ह्ड’ पार्टिशन वेगळं काढायला सुरुवात केली, आणि इतकी वर्षं एकाच ठिकाणी नांदणारे दोन शब्द लोकांना पहिल्यांदा वेगवेगळे दिसले. इंटेलने ईएफआय आणलं तेव्हाही फर्मवेअरसाठी फॅटचं छोटं पार्टिशन लागलंच, आणि त्याचं नाव अर्थातच ‘ईएफआय सिस्टिम पार्टिशन’ पडलं. परंपरा इमानेइतबारे पाळली गेली आणि वाचणाऱ्याचा गोंधळ पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिला.

या पुस्तकाचा विषय हाच आहे. डिस्कची वाटणी करणं हे काम तसं अवघड नाही. चार-सहा आज्ञा शिकल्या की कुणालाही येतं. अवघड आहे ते त्या कामाबद्दल लिहिलेलं वाचणं. ‘पार्टिशन’, ‘स्लाइस’, ‘व्हॉल्यूम’, ‘ड्राइव्ह’, ‘लॉजिकल’, ‘फॉरमॅट’ यांतला एकही शब्द सगळ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एकाच अर्थाने येत नाही. आणि माझं ठाम मत असं की यातला जवळजवळ एकही शब्द मुळात चुकीचा नाही. ज्याने तो वापरला त्याच्या जागेवरून तो बरोबरच होता. मॅन्युअल लिहिणारा आपण कुठल्या जागेवर उभे आहोत हे सांगत नाही, तिथे सगळा घोळ होतो.

जागा म्हणजे काय, ते आधी पाहू. डिस्क स्वतः म्हणजे क्रमाने लावलेल्या सेक्टरांची एक लांब रांग, त्याहून जास्त काही नाही. त्या रांगेच्या सुरुवातीला पार्टिशन टेबल असतं: अमुक सेक्टरपासून तमुक सेक्टरपर्यंत एक तुकडा, त्यापुढे दुसरा. हे टेबल म्हणजे सात-बाराचा उतारा आहे, शेताचा बांध नव्हे. उताऱ्यावरची नोंद खोडली म्हणून शेतातलं पीक जळत नाही. म्हणूनच चुकून उडवलेलं पार्टिशन टेस्टडिस्कसारखा प्रोग्राम पुष्कळदा परत मिळवून देतो, अर्थात मधल्या काळात त्यावर काही लिहिलं नसेल तर. एखाद्या तुकड्यावर फाइल सिस्टिम बसवतात आणि त्या फाइल सिस्टिमला विंडोज एक अक्षर देतं, तर युनिक्स तिला एखाद्या फोल्डरपाशी माउंट करतं. काही ठिकाणी तुकडा आणि फाइल सिस्टिम यांच्या मध्ये आणखी एक थर येतो, तो व्हॉल्यूम मॅनेजरचा. पुस्तकातला प्रत्येक शब्द यांपैकी कुठल्या तरी थराचा आहे. ‘पार्टिशन फॉरमॅट केलं’ या साध्या वाक्यातही दोन थर एकमेकांत गुंतलेले असतात.

आपल्याकडे संगणकाच्या दुकानात ‘सी, डी, ई पाडून देतो’ असं सहज म्हणतात. त्यात अक्षर म्हणजेच पार्टिशन हे गृहीत असतं. जुन्या डॉस आणि विंडोज ९८च्या दिवसांत या समजुतीचा हिसका अनेकांना बसला. तेव्हा अक्षरं डिस्कवर कुठेच लिहिलेली नसत. सुरू होताना डॉस ती नव्याने वाटत असे: आधी प्रत्येक डिस्कचं प्रायमरी पार्टिशन, मग लॉजिकल ड्राइव्ह. समजा, एका डिस्कवर सी आणि डी आहेत, त्यातला डी लॉजिकल. आता दुसरी डिस्क जोडली आणि तिच्यावर प्रायमरी पार्टिशन असलं, तर ती डी होऊन बसे आणि मूळचा डी ई होई. डेटा जागचा हलला नाही, नाव मात्र हललं. डी ड्राइव्हवर इन्स्टॉल केलेले सगळे प्रोग्राम एका रात्रीत बेपत्ता! एनटीच्या घराण्याने अक्षरं रजिस्ट्रीत नोंदवून हा प्रकार बंद केला.

पीसीच्या पार्टिशनची जन्मकथा थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण पुढचे निम्मे घोटाळे तिच्या पोटात आहेत. मार्च १९८३मध्ये आयबीएमने १० एमबी हार्ड डिस्क असलेला पीसी एक्सटी आणला आणि त्याच्याबरोबर डॉस २.० आलं. डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजेच एमबीआरमध्ये, ५१२ बाइट. त्यातले ४४६ बूट करणाऱ्या कोडसाठी, शेवटचे दोन खुणेसाठी, आणि मधले ६४ पार्टिशन टेबलासाठी. एका नोंदीला १६ बाइट, म्हणून नोंदी चार. ‘फक्त चारच का?’ असं आजही विचारलं जातं. तेव्हाच्या विचाराने चार भरपूर होत्या. कारण पार्टिशन म्हणजे फाइलींसाठी कप्पा, असा तो विचार नव्हताच. पार्टिशन म्हणजे एका ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रांत. एका डिस्कवर डॉस, शेजारी झेनिक्स, आणखी कुणी, असे चार भाडेकरू. त्यातला जो ‘अ‍ॅक्टिव्ह’ तो बूट होणार.

मग डॉसलाच स्वतःसाठी जास्त कप्पे हवेसे झाले. तेव्हाचं डॉस एका पार्टिशनमधले सेक्टर १६ बिटांत मोजत असे, म्हणजे ६५,५३६ सेक्टर, गुणिले ५१२ बाइट, झाले ३२ एमबी. डिस्क त्याहून मोठ्या येऊ लागल्या तेव्हा १९८७च्या डॉस ३.३मध्ये उपाय सापडला: चारपैकी एक नोंद ‘एक्स्टेंडेड’ म्हणून राखायची आणि तिच्या आत साखळीने कितीही ‘लॉजिकल ड्राइव्ह’ बसवायचे. एक्स्टेंडेड पार्टिशनवर स्वतःची फाइल सिस्टिम नसते, ते नुसतं वेष्टण. लिनक्सने याच रचनेला क्रमांक दिले: एक ते चार प्रायमरी आणि एक्स्टेंडेडसाठी, आणि लॉजिकल नेहमी पाचपासून पुढे. म्हणून एखाद्या जुन्या लिनक्स मशीनवर एसडीए१, एसडीए२ आणि मग एकदम एसडीए५ दिसतं. तीन आणि चार हरवलेले नसतात, ते कधी नव्हतेच.

मूळ कल्पना ‘एका सिस्टिमला एक प्रांत’ अशी होती, हे लक्षात ठेवलं की युनिक्सचं घराणं समजतं. युनिक्सवाल्यांकडे डिस्कचे तुकडे करण्याची स्वतःची पद्धत पीसीच्या आधीपासून होती. बर्कलीच्या युनिक्समध्ये तुकड्यांना अक्षरं असत: ‘ए’ म्हणजे रूट, ‘बी’ म्हणजे स्वॅप आणि ‘सी’ म्हणजे अख्खी डिस्क. या तुकड्यांना ते पार्टिशन म्हणत. हेच युनिक्स पीसीवर आलं तेव्हा बाहेर आयबीएमचं पार्टिशन आणि त्याच्या आत बर्कलीचं पार्टिशन, अशी एकाच नावाची दोन माणसं एका घरात आली. फ्रीबीएसडीने तोडगा काढला: बाहेरच्याला ‘स्लाइस’ म्हणायचं आणि ‘पार्टिशन’ हे नाव आतल्याकडेच ठेवायचं. म्हणून फ्रीबीएसडीवर एडीए०एस१ए म्हणजे पहिल्या डिस्कच्या पहिल्या स्लाइसमधलं ‘ए’ पार्टिशन.

छान, स्पष्ट तोडगा. फक्त सन कंपनीच्या सोलारिसमध्ये बरोबर उलटं होतं. तिथे आतला तुकडा म्हणजे स्लाइस आणि पीसीवर बाहेरचा तो ‘एफडिस्क पार्टिशन’. सोलारिसचा दुसऱ्या क्रमांकाचा स्लाइस परंपरेने अख्खी डिस्क दाखवतो. आणि हे स्लाइस पाडायला जी आज्ञा द्यायची तिचं नाव ‘फॉरमॅट’, तिच्या आतल्या मेनूचं नाव ‘पार्टिशन’, आणि एवढं सगळं केल्यावरही फाइल सिस्टिम बनलेली नसतेच, त्यासाठी ‘न्यूएफएस’ वेगळं चालवायचं. फ्रीबीएसडीचं हँडबुक वाचून सोलारिसकडे वळलेला माणूस इथे हमखास ठेचकाळतो, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

ओपनबीएसडी आणि नेटबीएसडी यांनी ‘स्लाइस’ हा शब्द घेतलाच नाही. ते ‘एमबीआर पार्टिशन’ आणि ‘डिस्कलेबल पार्टिशन’ असा फरक करतात, जरा लांबलचक पण प्रामाणिक. ओपनबीएसडीचा इन्स्टॉलर तर विचारतो: अख्खी डिस्क घेऊ का, की ‘ओपनबीएसडी एरिया’ वापरू? ‘एरिया’ या साध्या शब्दाने त्यांनी अर्धं भांडण टाळलंय. पण अक्षरांत मेख आहेच. ओपनबीएसडीत ‘सी’ म्हणजे पूर्ण डिस्क. नेटबीएसडीच्या पीसी आवृत्तीत ‘सी’ म्हणजे डिस्कचा नेटबीएसडीकडे असलेला भाग आणि पूर्ण डिस्क म्हणजे ‘डी’. शिवाय ओपनबीएसडीला डिस्कवर विंडोजचं पार्टिशन दिसलं तर ते ‘आय’पासूनच्या अक्षरांत मांडून दाखवतं. तेव्हा ‘आय’ हे काही ओपनबीएसडीने पाडलेलं नवव्या क्रमांकाचं पार्टिशन नव्हे. ती शेजाऱ्याच्या जागेची नोंद आहे. ते पुसलं तर विंडोज पुसलं.

नोंदीतल्या प्रकाराच्या बाइटचीही अशीच कथा आहे. एमबीआरच्या प्रत्येक नोंदीत एक बाइट ‘हा कुणाचा प्रांत’ ते सांगतो. पण हे क्रमांक वाटणारी मध्यवर्ती कचेरी कधीच नव्हती. ज्याला जो रिकामा दिसला तो त्याने उचलला. सोलारिसने पीसीवर ८२ हा षोडशमान क्रमांक घेतला आणि लिनक्सच्या स्वॅपचा क्रमांकही ८२च. एकाच डिस्कवर दोन्ही असतील तर लिनक्स इन्स्टॉलर सोलारिसच्या पार्टिशनला आपली स्वॅपची जागा समजण्याचा धोका असे. सोलारिस १०पासून सनने बीएफ हा नवा क्रमांक घेतला. नेदरलँड्सचे गणितज्ञ आंद्रिस ब्रॉवर यांनी अशा क्रमांकांची यादी वर्षानुवर्षं जमवली, आणि अधिकृत काहीच नसल्यामुळे तीच आधाराला आली.

आयबीएमच्या मोठ्या यंत्रांचं घराणं आणखी वेगळं. साठच्या दशकात ओएस/३६०च्या एका प्रकारात पार्टिशन म्हणजे मेमरीचा ठरावीक तुकडा असे, डिस्कशी त्याचा संबंध नव्हता. तिथे डिस्कसाठी शब्द होता ‘व्हॉल्यूम’, म्हणजे टेपचं एक रीळ किंवा डिस्कचा एक गठ्ठा, हातात धरता येणारी वस्तू. पुढे एआयएक्समध्ये लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर आला आणि त्यात ‘फिजिकल पार्टिशन’ म्हणजे डिस्कची काही एमबींची एक चिमुकली वीट. अशा शेकडो विटांचं मिळून एक व्हॉल्यूम बनतं. बाकी सगळीकडे पार्टिशन मोठं आणि आतलं लहान, इथे पार्टिशन हाच सगळ्यात लहान घटक. लिनक्सच्या एलव्हीएमने याच विटेला ‘एक्स्टेंट’ म्हटलं, बरं केलं. आणि आयबीएमच्याच पॉवर सर्व्हरवर ‘लॉजिकल पार्टिशन’ म्हणजे अख्खं एक आभासी मशीन. एकाच कंपनीच्या दोन मॅन्युअलांत एकाच शब्दाचा आवाका वीट ते इमारत इतका बदलतो.

‘व्हॉल्यूम’ची आज काय गत आहे? विंडोजमध्ये व्हॉल्यूम म्हणजे फाइल सिस्टिम असलेली, ड्राइव्ह म्हणून दिसणारी जागा. एलव्हीएममध्ये ‘फिजिकल व्हॉल्यूम’ म्हणजे कच्चा माल आणि ‘लॉजिकल व्हॉल्यूम’ म्हणजे तयार माल. झेडएफएसमध्ये फाइल सिस्टिम नसलेल्या कोऱ्या ब्लॉक-डिव्हाइसला व्हॉल्यूम म्हणतात. डॉकरमध्ये व्हॉल्यूम बहुतेक वेळा एक साधा फोल्डर असतो. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर व्हॉल्यूम म्हणजे पूर्ण डिस्क, म्हणजे फिरून जुन्या आयबीएमच्या अर्थाजवळ आलो. अ‍ॅपलने २०१७मध्ये एपीएफएस आणलं तेव्हा बाहेरच्या वेष्टणाला ‘कंटेनर’ आणि आतल्या, जागा वाटून वापरणाऱ्या फाइल सिस्टिमांना ‘व्हॉल्यूम’ असं नाव दिलं. मॅकवर डिस्क युटिलिटीत ‘पार्टिशन’ आणि ‘अ‍ॅड व्हॉल्यूम’ ही दोन बटणं शेजारी दिसतात. बहुतेकांना हवं असतं दुसरं आणि दाबतात पहिलं. आणि आत डिस्क०एस२ या नावातला ‘एस’ अजूनही स्लाइसचाच आहे.

आता पुन्हा ‘बूट पार्टिशन’कडे येतो, कारण या एका शब्दाने जेवढी मशीनं अडकवली तेवढी दुसऱ्या कशाने नसतील. विंडोजचा अर्थ वर आलाच. लिनक्समध्ये बूट पार्टिशन म्हणजे स्लॅश-बूट फोल्डरला माउंट होणारा तुकडा, ज्यात कर्नल असतो. तो वेगळा काढायची चाल पडली कारण जुन्या बायोसला डिस्कच्या पहिल्या १०२४ सिलिंडरांपलीकडे हात पोचत नव्हता, मग कर्नल सुरुवातीलाच ठेवलेला बरा. ग्रब लोडरला जीपीटी या नव्या पार्टिशन-रचनेच्या डिस्कवर, बायोसने बूट करायचं असल्यास, ‘बायोस बूट पार्टिशन’ लागतं. त्यात फाइल सिस्टिम नसते आणि ते कुठेही माउंट होत नाही. त्याच्या ओळख-क्रमांकाचे बाइट अक्षरांत वाचले तर ‘हा! मला ईएफआयची गरज नाही’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य निघतं. मंडळींना विनोदाचं अंग आहे. पार्टिशन पाडणाऱ्या पार्टेड या प्रोग्राममध्ये ‘बूट’ नावाची खूण असते: एमबीआर डिस्कवर ती ‘अ‍ॅक्टिव्ह’ची खूण, आणि जीपीटी डिस्कवर तीच लावली की ते पार्टिशन ईएफआय सिस्टिम पार्टिशन ठरतं. म्हणजे जुन्या सवयीने लिनक्सच्या रूट पार्टिशनला ‘बूट’ लावणाऱ्याने नकळत त्याचा प्रकारच बदललेला असतो. रास्पबेरी पायवर बूट पार्टिशन म्हणजे फॅटचा पहिला तुकडा, जो २०२३च्या आवृत्तीपासून स्लॅश-बूट-स्लॅश-फर्मवेअरला माउंट होतो. आणि खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये बूट पार्टिशनवर फाइल सिस्टिम नसते, तिथे कर्नलची कच्ची प्रतिमा ठेवलेली असते, बऱ्याच फोनांत ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन.

मोजणीचं थोडक्यात. जुना ग्रब डिस्क आणि पार्टिशन दोन्ही शून्यापासून मोजत असे. ग्रब २ने डिस्क शून्यापासूनच ठेवली, पार्टिशन मात्र एकपासून केलं. जुनी सूचना नव्या ग्रबवर चालवली की शेजारचं पार्टिशन उघडतं. आकाराचंही तसंच: ५०० जीबीची डिस्क विंडोज ४६५ जीबी दाखवतं, कारण उत्पादक १००० च्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या. मॅकने २००९पासून उत्पादकाची मोजणी स्वीकारली. यात कुणी जागा चोरलेली नसते.

नामांपेक्षा क्रियापदं जास्त घातक आहेत, आणि कागदपत्रं त्यांच्याकडे सगळ्यात कमी लक्ष देतात. ‘इनिशियलाइझ’ घ्या. विंडोजला ओळख न पटलेली डिस्क जोडली की एक खिडकी येते: लॉजिकल डिस्क मॅनेजरला ही डिस्क वापरता यावी म्हणून ती आधी इनिशियलाइझ करावी लागेल, एमबीआर की जीपीटी ते निवडा. शब्द किती निरुपद्रवी! समजा ती डिस्क लिनक्स सर्व्हरची आहे आणि पार्टिशन न पाडता सरळ एलव्हीएमला दिलेली आहे. एलव्हीएमचं लेबल सहसा डिस्कच्या दुसऱ्या सेक्टरमध्ये असतं. जीपीटीचं मुख्य हेडरही दुसऱ्याच सेक्टरमध्ये लिहिलं जातं. ओके दाबलं की लेबलावर हेडर बसलं. डेटा जागच्या जागी आहे, पण त्याच्याकडे जायची खूण गेली. मॅकवरही न वाचता येणारी डिस्क जोडली की ‘इनिशियलाइझ’चं बटण येतं, पण ते नुसतं डिस्क युटिलिटी उघडतं. शब्द एक, परिणामांत एवढं अंतर.

दुसरं उदाहरण जीपीटीचं. नव्या रचनेत प्रकार एका बाइटऐवजी १६ बाइटांचा झाला, टक्कर होण्याचा प्रश्न संपला. सहसा १२८ नोंदी मावतात, म्हणून एक्स्टेंडेड आणि लॉजिकलही गेले; ३२ बिटांच्या मोजणीमुळे एमबीआरला असलेली दोन टीबींची मर्यादाही गेली. कागदावर सगळे प्रश्न मिटले होते. पण लिनक्सच्या साधनांनी सुरुवातीला स्वतःचा क्रमांक न काढता मायक्रोसॉफ्टचा ‘बेसिक डेटा’चा क्रमांकच वापरला. परिणामी विंडोज त्या पार्टिशनला आपलं समजून ड्राइव्हचं अक्षर देई, आतली फाइल सिस्टिम वाचता आली नाही की ‘वापरण्याआधी फॉरमॅट करावं लागेल’ असं सुचवी, आणि दोन्ही सिस्टिम ठेवलेल्या माणसाची लिनक्सची होम डिरेक्टरी एका क्लिकच्या अंतरावर येई. २०११च्या सुमारास लिनक्सला स्वतंत्र क्रमांक मिळाला. त्याआधी पाडलेल्या डिस्क अजून वापरात सापडतात.

हे सगळं आज एवढं लिहायचं कारण साधं आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ टीपीएम २.० नसलेल्या मशीनला नाकारतं. धडधाकट पण जुनी मशीनं घेऊन बसलेली पुष्कळ माणसं लिनक्सकडे वळताहेत. त्यांत शाळा आहेत, छोटी कार्यालयं आहेत, घरचे लॅपटॉप आहेत. त्यांच्यापुढे पहिल्याच दिवशी इन्स्टॉलरचा तो पडदा येतो, ज्यावर ‘अख्खी डिस्क वापरा’, ‘शेजारी बसवा’ आणि ‘स्वतः पार्टिशन करा’ असे पर्याय असतात. हौसेने तिसरा निवडणाऱ्याला वरचे सगळे शब्द एकदम भेटतात. दुसरीकडे क्लाउडवर काम करणारी तरुण मुलं आहेत. त्यांनी कधी डिस्क हातात धरलेली नसते. व्हॉल्यूम २० जीबीवरून ४० केलं, बिल वाढलं, तरी सर्व्हर ‘डिस्क फुल’च म्हणतो. कारण डिस्क वाढली, पार्टिशन नाही. ते ग्रोपार्टने वाढवायचं, मग पीव्हीरिसाइझ, मग एलव्हीएक्स्टेंड, आणि शेवटी फाइल सिस्टिम. चार थर, चार आज्ञा. थर माहीत असतील तर हे दोन मिनिटांचं काम आहे, नसतील तर रात्र जाते.

कागदपत्रं लिहिणाऱ्यांवर सगळा दोष टाकणं बरोबर नाही. ओपनबीएसडीची मॅन पेजेस आदर्श म्हणावीत अशी आहेत. रेड हॅटच्या इन्स्टॉलेशन गाइडमध्ये पार्टिशनांची ओळख करून देणारं परिशिष्ट वर्षानुवर्षं होतं आणि ते आजही वाचनीय आहे. पण ही सगळी मॅन्युअलं आपापल्या अंगणापुरती लिहिलेली असतात. शेजारी हाच शब्द कसा वापरतात हे सांगणं कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं. मायक्रोसॉफ्टच्या लेखकाला सोलारिसशी काय देणंघेणं? वाचक मात्र दोन्हीकडे जातो.

या पुस्तकाने त्या मधल्या जागेत उभं राहायचं ठरवलंय. प्रकरणं ऑपरेटिंग सिस्टिमप्रमाणे लावलेली नाहीत, थरांप्रमाणे लावली आहेत. एक थर घ्यायचा, प्रत्येक घराणं त्याला काय म्हणतं ते पाहायचं, आणि पडद्यावर वा आज्ञेच्या उत्तरात ते कसं दिसतं ते दाखवायचं. इतिहास जिथे अर्थ उलगडतो तिथेच घेतला आहे. शब्दांचं मराठीकरण केलेलं नाही. वाचकाला पडद्यावर जो शब्द दिसणार तोच देवनागरीत छापला आहे, आणि ज्या अर्थाने तो येतो त्या घराण्याचं नाव पहिल्या वेळी सोबत दिलं आहे. विंडोजमधल्या ‘बेसिक’ आणि ‘डायनॅमिक’ डिस्कना जागा थोडी दिली, कारण मायक्रोसॉफ्टनेच डायनॅमिक प्रकार मोडीत काढायला घेतला आहे. रेड (आरएआयडी) आणि नेटवर्कवरचं स्टोरेज मुद्दाम वगळलं, त्यांचा संसार मोठा आहे. डेटा परत मिळवण्याच्या पद्धतीही इथे नाहीत. उदाहरणं करून पाहायची असतील तर ती खऱ्या डिस्कवर नकोत. आभासी मशीनमध्ये काही जीबींची कोरी फाइल डिस्क म्हणून जोडून पाहावीत. ती फाइल कशी बनवायची, ते पहिल्या प्रकरणाच्या आधीच दिलं आहे.